सात वर्षांचे वाक्य : एका व्याख्यानमालेचा आणि तिच्या पुस्तिकेचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात फोर्ट भागातील एका संस्थेने ब्रिटिश कैद्यांना समुद्रापार धाडण्याच्या शिक्षेवर मराठीतून एक उपक्रम केला. चार शनिवारी चार व्याख्याने, एका रविवारी सकाळी पायी फेरी आणि सोबत अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका, असे त्याचे स्वरूप होते. शुल्क माणशी २,२०० रुपये होते आणि ज्येष्ठ नागरिकांना त्यात चारशेची सवलत होती. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या तक्रारी मी तिला लेखी कळवल्या आहेत आणि त्या सुधारण्याची संधी तिला मिळायला हवी. या विषयावर मराठीतून बोलणारे दुसरे कोणी फोर्टात नसल्यामुळे ज्यांना शोधायचे त्यांना ती सापडेलच.

मी बॅलार्ड इस्टेटमधील एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत एकतीस वर्षे कागद रंगवले. कोणत्या जहाजावर काय चढले, काय उतरले, कमी का उतरले, त्याचे पैसे कोणी कोणाला द्यायचे, यापलीकडे इतिहासाशी माझा संबंध शाळेत सुटला तो सुटलाच. तरीही मी नाव नोंदवले, याचे श्रेय जाहिरातीतील एका चुकीला जाते. ‘ब्रिटिश कैद्यांची वाहतूक : एक आढावा’ असे तिचे शीर्षक होते. इंग्रजीतील ट्रान्सपोर्टेशन या कायद्याच्या शब्दाला कोणीतरी, किंवा कोणत्यातरी यंत्राने, थेट वाहतूक हा शब्द लावला होता. ज्या शिक्षेला आपल्या आजोबांची पिढी काळे पाणी म्हणत असे, तिला टेम्पो-ट्रकच्या पंक्तीत बसवलेले पाहून मला हसू आले आणि उत्सुकताही वाटली.

पहिल्या व्याख्यानाने ही उत्सुकता सार्थ ठरवली. व्याख्यात्या बाई निवृत्त प्राध्यापिका आहेत. आवाज बारीक, पण विषयावरची पकड पक्की. पुष्कळांना ही कथा ऑस्ट्रेलियापासून सुरू होते असे वाटते. बाईंनी ती अमेरिकेपासून सुरू केली. इंग्लंडच्या संसदेने १७१८ मध्ये कायदा केला आणि किरकोळ चोऱ्यांसाठी सात वर्षे, तर फाशीतून वाचलेल्यांसाठी चौदा वर्षे समुद्रापार धाडण्याची शिक्षा रूढ झाली. सरकारने हे काम स्वतः केले नाही, कंत्राटाने दिले. जोनाथन फॉरवर्ड नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याला न्यूगेट तुरुंगातील दर कैद्यामागे तीन पौंड आणि इतर तुरुंगांतील कैद्यामागे पाच पौंड मिळत. पलीकडे मेरीलँड किंवा व्हर्जिनियात पोहोचल्यावर कैद्याची उरलेल्या वर्षांची मेहनत तो तिथल्या मळेवाल्यांना विकत असे. म्हणजे भाडे पाठवणाऱ्याकडून घ्यायचे आणि उतरल्यावर मालही विकायचा. आमच्या धंद्यात असा ग्राहक कोणाला मिळाला असता, तर त्याने कचेरीत त्याचा फोटो लावून रोज हार घातला असता. अशा रीतीने सुमारे ५०,००० माणसे अमेरिकेत गेली. तिथल्या लोकांना ही आयात रुचत नव्हती. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५१ मध्ये आपल्या वर्तमानपत्रात सुचवले की या कैद्यांच्या बदल्यात आपण इंग्लंडला खुळखुळे साप पाठवावेत. बाईंनी हा किस्सा इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितला की सभागृहाला हसायला दोन क्षण उशीर झाला.

१७७५ मध्ये अमेरिकेतील लढाई पेटली आणि हा मार्ग बंद पडला. न्यायाधीश शिक्षा ठोठावीतच राहिले, तुरुंग भरले, आणि १७७६ च्या कायद्याने थेम्स नदीत मोडीत निघालेली जहाजे नांगरून त्यांत कैदी कोंडण्यात आले. इथे मी प्रथमच पुस्तिका उघडली आणि ‘थेम्स नदीतील अवाढव्य देहांमध्ये कैद्यांना ठेवण्यात येई’ हे वाक्य वाचून थबकलो. नांगरलेल्या जुन्या जहाजाला इंग्रजीत हल्क म्हणतात, आणि भाषांतर करणाऱ्याने त्या शब्दाचा भलताच अर्थ उचलला होता. पुढच्याच परिच्छेदात एका कापडचोराला ‘सात वर्षांचे वाक्य’ मिळाले होते. सेंटेन्स म्हणजे वाक्य, हे आपण पाचवीत शिकतो. न्यायालयातही त्याचा तोच अर्थ होतो असे पुस्तिकेच्या कर्त्याला वाटले असावे. मी खिशातून पेन्सिल काढली, ती चौथ्या व्याख्यानापर्यंत परत ठेवली नाही.

खरी मेजवानी दुसऱ्या व्याख्यानाची होती. कॅप्टन आर्थर फिलिप यांच्या हाताखाली अकरा जहाजांचा पहिला ताफा १३ मे १७८७ रोजी पोर्टस्मथहून निघाला आणि टेनेरीफ, रिओ दि जानेरो व केप टाउन असे मुक्काम करीत जानेवारी १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागला. २६ जानेवारीला सिडनीच्या खाडीत झेंडा रोवला गेला. साडेसातशेच्या आसपास कैदी, आठ महिन्यांचा प्रवास, आणि त्या मानाने वाटेत दगावलेले फार थोडे. बाईंनी हा भाग वीस मिनिटांत उरकला, ते मला आवडले, कारण तो सर्वत्र वाचायला मिळतो. त्यांनी आपला वेळ दुसऱ्या ताफ्याला दिला.

या ताफ्याचे कंत्राट कॅम्डेन, कॅल्व्हर्ट अँड किंग या गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या लंडनच्या पेढीला मिळाले. दर ठरला होता माणशी १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स. हा आकडा फलकावर लिहून बाईंनी विचारले, ‘हे पैसे कशाबद्दल होते?’ कोणी जेवणाबद्दल म्हणाले, कोणी पहाऱ्याबद्दल. मी मागच्या रांगेतून म्हणालो, ‘चढवल्याबद्दल की उतरवल्याबद्दल?’ बाई थांबल्या आणि म्हणाल्या, ‘काका, हाच प्रश्न लंडनमध्ये कोणी वेळेवर विचारला असता तर बरे झाले असते.’ पैसे चढवलेल्या डोक्यांवर ठरले होते. सिडनीला किती जिवंत उतरले, याचा बिलाशी संबंध नव्हता. उलट वाटेत जो मेला त्याचा उरलेला शिधा कप्तानाकडे शिल्लक राही, आणि सिडनीला पोहोचल्यावर कप्तानांनी किनाऱ्यावर दुकाने थाटून अन्नधान्य चढ्या भावाने विकले. नेपच्यून, सरप्राइझ आणि स्कारबरो या तीन जहाजांवर हजाराच्या आसपास कैदी होते. त्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्रातच संपला. एकट्या नेपच्यूनवर पाचशेपैकी दीडशेहून अधिक माणसे मेली. बेड्या गुलामांच्या जहाजांवरच्याच होत्या, दोन घोट्यांमध्ये आखूड दांडा असलेल्या, त्यामुळे पाणी आत आले तरी माणसाला पाय उचलता येत नसे. जून १७९० मध्ये जे उतरले, त्यांतले कित्येक पुढील दिवसांत किनाऱ्यावर मेले. नेपच्यूनचा कप्तान आणि त्याचा मुख्य मदतनीस यांच्यावर १७९२ मध्ये लंडनला खटला चालला, आणि दोघेही निर्दोष सुटले.

आमच्या कामात गोणी कमी उतरली तर बंदराकडून शॉर्ट लँडिंगचा दाखला आणावा लागे. तो नसेल तर कस्टमचा कारकून कागदाला हात लावीत नसे. साखरेच्या एका गोणीसाठी जी चौकशी होते तेवढीही या अडीचशे माणसांची झाली नाही. जाहिरातीतला वाहतूक हा शब्द मला तेव्हापासून हास्यास्पद वाटेनासा झाला. भाषांतर चुकीचे होते हे खरे; पण ज्यांनी कंत्राट लिहिले, त्यांच्या कागदपत्रात याहून वेगळे काही नव्हते. फक्त त्यांची वाहतूकही वाईट होती. मालाची किंमत उतरताना वसूल होत असेल तर मालवाहू माणूस माल जपतो, अमेरिकेच्या वेळी तसे निदान काही प्रमाणात होत असे, कारण मेलेला कैदी मेरीलँडमध्ये विकला जात नव्हता. ऑस्ट्रेलियात विक्री नव्हती, त्यामुळे तीही हमी गेली. पुढच्या कंत्राटांत सरकारने पैशाचा काही भाग कैदी धड उतरल्यावर देण्याचे ठरवले, तेव्हा परिस्थिती सुधारू लागली.

तरी पुरती सुधारणा व्हायला आणखी पंचवीस वर्षे लागली, आणि ती एका कैद्याने केली. विल्यम रेडफर्न नौदलात शल्यचिकित्सकाचा मदतनीस होता. १७९७ च्या नोर येथील खलाशांच्या बंडात तो दोषी ठरला, फाशीतून वाचला आणि १८०१ मध्ये सिडनीला आला. १८१४ मध्ये तीन जहाजांवर तापाची साथ पसरून कैदी आणि खलाशी मेले, तेव्हा गव्हर्नरने या माजी कैद्यालाच चौकशी करायला सांगितले. रेडफर्नने हवा, स्वच्छता, आंघोळ, डेकवरचा फेरफटका आणि मुख्यतः कप्तानाच्या ताब्यात नसलेला सरकारी डॉक्टर यांची मागणी केली. १८१५ पासून प्रत्येक जहाजावर असा डॉक्टर नेमला गेला, आणि पुढील दशकांत प्रवासातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ऑस्ट्रेलियात गेलेल्या सुमारे १,६२,००० कैद्यांपैकी बहुसंख्य याच नंतरच्या काळातले आहेत. ही गोष्ट बाईंनी ठासून सांगितली हे योग्य झाले, नाहीतर श्रोते दुसऱ्या ताफ्याचे चित्रच सर्व जहाजांना लावून घरी गेले असते.

रविवारच्या फेरीविषयी माझे मत संमिश्र आहे. सकाळी साडेसातला हॉर्निमन सर्कलला जमायचे होते. आम्ही बावीसजण होतो आणि ध्वनिवर्धक एकच होता, तोही पहिल्या अर्ध्या तासात मुका झाला. मागच्या पाच-सहा जणांना कावळे आणि बसेस एवढेच ऐकू आले. जो तरुण मार्गदर्शक होता त्याची तयारी मात्र उत्तम होती. मुंबईचा आणि ऑस्ट्रेलियातील कैद्यांचा काय संबंध, या प्रश्नाला त्याने एकाच माणसाचे उत्तर दिले, आणि ते मी पूर्वी कधी ऐकले नव्हते.

तो माणूस म्हणजे लॅकलन मॅक्वारी. पहिला ताफा सिडनीला लागला त्याच वर्षी, ऑगस्ट १७८८ मध्ये, हा स्कॉटिश अधिकारी ७७ व्या पलटणीबरोबर मुंबईला उतरला. त्याने १७९३ मध्ये मुंबईतच जेन जार्व्हिस हिच्याशी लग्न केले. क्षयाने खंगलेली जेन १७९६ मध्ये मकाऊला वारली, तेव्हा त्याने तिचे शव जहाजाने मुंबईला आणले आणि १७९७ च्या जानेवारीत इथे पुरले. त्याआधी, १७९५ मध्ये, कोचीनला त्याने दोन लहान मुले गुलाम म्हणून विकत घेतली होती. त्यांपैकी एकाचे नाव जॉर्ज जार्व्हिस ठेवले गेले आणि तो मॅक्वारीच्या अखेरपर्यंत त्याच्या पदरी राहिला. पुढे मॅक्वारी मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याचा लष्करी सचिव झाला, श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईत होता, आणि १८१० मध्ये न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला. रेडफर्नला चौकशी सांगणारा गव्हर्नर तो हाच.

ज्याने मुंबईच्या नोकरीत माणसे विकत घेतली, त्यानेच सिडनीत शिक्षा संपलेल्या माणसाला आपल्या टेबलावर जेवायला बसवले, न्यायासनावर नेमले, जमिनी दिल्या. फ्रान्सिस ग्रीनवे हा ब्रिस्टलचा वास्तुविशारद खोटा दस्तऐवज केल्याबद्दल चौदा वर्षांसाठी आला होता. मॅक्वारीने त्याला १८१६ मध्ये सरकारी वास्तुविशारद केले आणि त्याच्याकडून हाइड पार्क बराकीची इमारत बांधून घेतली, जी १८१९ मध्ये पुरी झाली. ऑस्ट्रेलियाने १९६६ मध्ये डॉलरचे चलन आणले तेव्हा दहाच्या नोटेवर या दस्तऐवज बनवणाऱ्याचे चित्र छापले. लंडनच्या सरकारला मात्र मॅक्वारीची ही सलगी खुपली. शिक्षेचा धाक उरला नाही अशी ओरड झाली, जॉन बिग याला चौकशीसाठी पाठवले गेले, आणि त्याचे १८२२-२३ मधील अहवाल मॅक्वारीच्या विरुद्ध गेले. मॅक्वारीतील या दोन माणसांचा मेळ कसा घालायचा, हे मी मार्गदर्शकाला विचारले. तो म्हणाला, ‘मलाही जमलेले नाही, काका.’ हे उत्तर मला अनेक लांब उत्तरांपेक्षा बरे वाटले.

फेरी पुढे बॅलार्ड पिअरच्या दिशेने गेली. गोदीच्या आत जाता येत नाही, त्यामुळे भिंतीबाहेर उभे राहूनच ऐकावे लागले. हिंदुस्थानात बांधलेली जहाजे या कामी वापरली गेली, हा भाग त्याने चांगला सांगितला. १८५३ मध्ये कलकत्त्याला बांधलेले एडविन फॉक्स १८५८ मध्ये कैदी घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियाला गेले, आणि ऑस्ट्रेलियाला कैदी नेलेल्या जहाजांपैकी आज तेवढे एकच उरले आहे, न्यूझीलंडच्या पिक्टन गावी. त्याहून माझ्या सोबतच्या शेजारणीला आवडली ती दुसरी गोष्ट. सिडनीची वसाहत उपासमारीत असताना अटलांटिक हे जहाज कलकत्त्याला धाडण्यात आले आणि १७९२ मध्ये ते तांदूळ, सोजी आणि डाळ घेऊन परतले. इंग्लंडच्या कैद्यांना डाळ कशी शिजवायची हे कोणी शिकवले असेल, यावर काकूंनी परतीच्या गाडीत सीएसटीपासून दादरपर्यंत विचार केला, आणि कोणी शिकवले नसणार या निष्कर्षाला त्या आल्या.

तिसरे व्याख्यान वसाहतीतील जगण्यावर होते, आणि इथे पुस्तिकेने कळस गाठला. कैद्याला खाजगी मालकाकडे कामाला लावण्याच्या पद्धतीला, म्हणजे इंग्रजीतील असाइनमेंटला, तिच्यात ‘गृहपाठ पद्धत’ म्हटले आहे. चांगल्या वर्तनावर मुदतीपूर्वी स्वतःच्या हिमतीवर काम शोधण्याचा जो परवाना मिळे, तो ‘रजेचे तिकीट’ झाला आहे, जणू कैदी कोकणात गणपतीला निघाला होता. बाईंनी बोलताना कामगिरीवर देणे, मोकळीकपत्र असे शब्द वापरले, ते सरळ होते आणि कळत होते. बोलणारी व्यक्ती इतके नीट बोलते आणि तिच्याच नावाने निघालेली पुस्तिका तिला विचारूनही घेत नाही, हे मला समजले नाही. चौकशी करता कळले की पुस्तिका मूळ इंग्रजीत होती आणि ‘मराठी करून घेतली’ गेली. कोणाकडून, ते सांगितले गेले नाही.

व्याख्यान म्हणून हे तिसरे सत्र दाट होते, कदाचित जरा जास्तच. व्हॅन डिमेन्स लँड, म्हणजे आजचे टास्मानिया, येथील मॅक्वारी हार्बर आणि पोर्ट आर्थर या पुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठीच्या कडक वसाहती. पोर्ट आर्थरचा तो वेगळा तुरुंग, जिथे चाबकाऐवजी मौन आणि एकांत ही शिक्षा झाली आणि कोठडीबाहेर येताना तोंडावर बुरखा ओढावा लागे. होबार्टची कॅस्केड्स येथील स्त्रियांची फॅक्टरी, जी एकाच वेळी तुरुंग, धोबीखाना, बाळंतघर आणि नोकरभरतीची जागा होती. सुमारे २५,००० स्त्रिया या शिक्षेवर ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुदत संपली तरी परतीचे भाडे स्वतःचे स्वतः भरायचे असल्यामुळे गेलेल्यांतले थोडेच परत आले, आणि त्यांतही बायका फारच थोड्या. या मुद्द्यावर बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मेरी ब्रायंट हिची हकीकत त्यांनी इथे सांगितली. पहिल्या ताफ्यातली ही कैदी स्त्री १७९१ मध्ये नवरा, दोन लहान मुले आणि इतर सात कैद्यांसह गव्हर्नरची उघडी होडी पळवून निघाली आणि सुमारे सत्तर दिवसांत तिमोर बेटावरच्या कुपांगला पोहोचली. तिथे ते पकडले गेले. नवरा आणि दोन्ही मुले पुढच्या प्रवासात दगावली, आणि ती एकटी लंडनला येऊन अखेर माफी मिळवून सुटली.

या सत्रातील एक चूक सांगणे मला भाग आहे. १८३७-३८ मध्ये ब्रिटिश संसदेची समिती या शिक्षेच्या चौकशीसाठी बसली आणि कैद्याला मालकाकडे कामाला देण्याच्या पद्धतीची तिने गुलामगिरीशी तुलना केली. न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणे १८४० मध्ये थांबले ते याच वातावरणात. समितीचे अध्यक्ष मोल्सवर्थ. सूत्रसंचालकाने उत्साहाच्या भरात सांगून टाकले की हेच ते आपल्या मराठी शब्दकोशाचे मोल्सवर्थ, आणि सभागृहात टाळ्या पडल्या. ते हे नव्हेत. १८३१ मध्ये मुंबईत ज्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला ते जेम्स थॉमस मोल्सवर्थ. समितीचे अध्यक्ष होते सर विल्यम मोल्सवर्थ, ब्रिटिश संसदेचे सदस्य, आणि कोश निघाला त्या वर्षी ते पुरते एकवीस वर्षांचे होते. बाईंनी मान हलवली, पण सर्वांसमोर दुरुस्ती केली नाही. माझ्या मते करायला हवी होती. मराठी श्रोत्यांच्या मनात अशी गोष्ट एकदा रुजली की पन्नास वर्षे निघत नाही.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. सिडनीच्या खाडीभोवती जे इओरा लोक आधीपासून राहत होते, त्यांना चार व्याख्यानांत मिळून पाच मिनिटे मिळाली. १७८९ मध्ये देवीच्या साथीने त्यांच्या वस्त्यांमागून वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, टास्मानियातील मूळ लोकांची तर त्याहून भयानक गत झाली. कैदी हा या कथेत एका बाजूने शिक्षा भोगणारा आहे आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्याच्या जमिनीवर उतरवलेला माणूस आहे. ही दुसरी बाजू प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीने काढली नसती तर निघालीच नसती.

चौथे व्याख्यान हिंदुस्थानावर होते आणि त्याच्यासाठीच निम्मे लोक आले होते, हे गर्दीवरून दिसत होते. दुर्दैवाने तेच सर्वांत घाईचे झाले. कंपनी सरकारने १७८७ पासून सुमात्रातील बेंकुलेनला, नंतर पेनांगला, १८१५ पासून मॉरिशसला आणि १८२५ पासून सिंगापूरला हिंदुस्थानी कैदी धाडले; मॉरिशसला बंगाल आणि मुंबई या दोन इलाख्यांतून. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि तिथला गव्हर्नरचा वाडा या कैद्यांच्या हातांनी बांधला गेला. याच काळात हिंदुस्थानात लष्करी न्यायालयाने दोषी ठरवलेले गोरे सैनिक ऑस्ट्रेलियाला जात होते. गुन्हा एका देशात, तुरुंग तिसऱ्या देशात, आणि कोणत्या कातडीचा कैदी कोणत्या बेटावर जाईल याचे अलिखित वेळापत्रक, हा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा होता. त्याला बारा मिनिटे मिळाली. मार्च १८५८ मध्ये अंदमानला पहिले दोनशे कैदी उतरले, तिथून पुढे आपल्याला ठाऊक असलेली कथा सुरू झाली, आणि बाईही तिथे सैलावल्या.

त्यांनी शेवट केला तो मुंबईच्या उच्च न्यायालयावर. १९०८ च्या जुलैत लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा निर्णय दिला आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. आपण मंडालेचा कारावास म्हणतो, पण निकालातील शिक्षा कारावासाची नव्हती. ती ट्रान्सपोर्टेशनचीच होती, नंतर ती साध्या कैदेत बदलली गेली. कायद्यातले जे हत्यार १७१८ मध्ये लंडनच्या रुमालचोरांसाठी घडवले गेले, तेच १९०८ मध्ये मुंबईत केसरीच्या संपादकावर चालले. आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा रत्नागिरीत असताना रत्नागिरीत जन्मलेला माणूस ब्रह्मदेशात गेला. इंग्लंडने आपल्या कैद्यांसाठी ही शिक्षा १८६८ मध्ये हूगमाँट जहाज फ्रीमँटलला पोहोचल्यावर संपवली होती. आपल्या दंडसंहितेत तो शब्द स्वातंत्र्यानंतरही राहिला. १९५५ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी १९५६ पासून, त्या जागी जन्मभराचा कारावास आला. मराठीत आपण तेव्हाही जन्मठेप म्हणत होतो आणि आजही म्हणतो, त्यामुळे मधून समुद्र निघून गेला हे आपल्या लक्षातच आले नाही. हा मुद्दा बाईंनी शेवटच्या दोन मिनिटांत, घड्याळाकडे पाहत सांगितला. संपूर्ण मालिकेत मला याहून मोलाचे काही वाटले नाही.

व्यवस्थेविषयी थोडे. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहन एका शनिवारी बंद होते. गुडघ्यांच्या रुग्णांनी आधी फोन करावा. खुर्च्या पाठीला टोचतात. चहा बरा, बिस्किटे मऊ पडलेली. व्याख्याने दिलेल्या वेळेला सुरू होतात, ही मुंबईत नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. १,८०० रुपयांत मला व्याख्यानांचे पैसे पुरेपूर वसूल झाले, फेरीचे निम्मे, आणि पुस्तिकेचे मी परत मागावे असे माझ्या मुलाचे म्हणणे आहे. ज्याला हा विषय नवा आहे त्याने जरूर जावे, पुढे बसावे, आणि पुस्तिका सध्या न उघडताच ठेवावी.

शेवटच्या दिवशी मी माझी प्रत पेन्सिलीच्या एकोणसाठ खुणांसह कचेरीत जमा केली. काउंटरवरची मुलगी ‘ठेवा ना काका, सरांना देते’ म्हणाली. मी पोच मागितली. तिने आधी हसून पाहिले, मग एका कोऱ्या कागदावर तारीख घातली, ‘पुस्तिका एक, दुरुस्त्यांसह, मिळाली’ असे लिहून सही केली, आणि मी सांगितल्यावर खाली शिक्काही मारला.